दखल घेण्यात आली

नारिनच्या रस्ते विभागात, जिन्याखालच्या खोलीत
तक्रारी घेते मी.
एक वही, एक शिक्का,
आणि येणाऱ्यासाठी एक खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे.
तिच्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.
लोक इथे येतात तेव्हा आधीच डुगडुगत असतात.

झुऊरा येते, डेपोच्या स्वयंपाकघरातली:
नौरुझला दोनशे माणसांचं रांधलं,
जादा तास कुणी मांडलेच नाहीत.
हिशेब विभागातले दोघे येतात एका खिडकीवरून,
याला उघडी हवी, त्याला बंद,
नऊ वर्षं.
एक निवृत्त झाला तर दुसरा फार दिवस टिकायचा नाही, असं मला वाटतं.

आणि येतो तिंचतिक.
आमच्याकडे या नावाचा अर्थ शांतता.
आईबापांनी काय पाहून ठेवलं कोण जाणे,
वहीत सर्वांत जास्त ओळी त्याच्याच.

दोलोन घाटात बर्फ ढकलायची गाडी चालवतो.
केबिनचा हीटर बंद.
पहिला अर्ज ऑक्टोबरात, दुसरा नोव्हेंबरात.
तिसरा पेन्सिलीने.
"शाई गोठते" असं अर्जातच लिहिलं होतं,
पुरावा म्हणून.

तिन्ही वेळा मी उत्तर दिलं,
चौदा दिवसांच्या आत, नियमाप्रमाणे:
आपल्या अर्जाची दखल घेण्यात आली आहे.
योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.

चौथ्यांदा तो अर्ज न आणताच आला.
टोपी मांडीवर ठेवून बसला.
"बुरुलकान-एजे, एक विचारू?
दखल घेण्यात आली, हे वाचलं.
कुणी घेतली?"

विभागाने, मी म्हटलं.
"विभाग म्हणजे कोण?"
मी छताकडे बोट दाखवलं.
नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.
आम्ही दोघंही मान वर करून ऐकत राहिलो.

समितीने ठरवलं: पाहणी करण्यात यावी.
करायला कुणी नव्हतं, म्हणून मी गेले.
रात्रीचे दोन, उणे एकतीस.
त्याने माझ्या पायांना नमदा गुंडाळला,
स्वतःच्या पायांवरचा काढून.
काचेवर बर्फ आतून धरत होता.
मिठाच्या पुरचुंडीने तो वीतभर जागा पुसायचा
आणि त्या वीतभरातून अख्खा घाट बघायचा.
खाली वळणावर एका ट्रकचे दिवे,
आमच्यासाठी थांबलेले.
तासभर तो बोलला नाही.
पहिल्यांदाच मला त्याचं नाव पटलं.

अहवालात मी लिहिलं:
मी पाहिलं. माझी बोटं मला जाणवत नव्हती.
अध्यक्ष ओसमोनोव साहेबांनी
'मी'वर हलकीशी रेघ मारली, वर लिहिलं:
असे निदर्शनास आले.
माणूस वाईट नाही.
त्यांच्याही फायली वर कुठेतरी जातात,
तिथेही छतच आहे.

हीटर आला एप्रिलच्या अठरा तारखेला.
घाटातून तेव्हा पाणी वाहत होतं,
रस्त्याकडेला मेंढ्या.

तिंचतिक सही करायला आला.
छापील ओळ: तक्रारीचे निवारण झाले आहे.
सही केली, आणि खाली, या वेळी शाईने:
"हीटर उत्तम चालतो.
ज्याने पाठवला त्याचं नाव कळवावं.
त्याला मध द्यायचा आहे."

म्हणजे हाही अर्जच झाला.
मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला,
आणि सगळी फाईल उलटून पाहिली:
मंजुरी देण्यात आली, खरेदी करण्यात आली,
तपासण्यात आला, बसवण्यात आला.
क्रियापदं सगळी हजर,
करणारा रजेवर.

आज अकरावा दिवस.
पांढऱ्या मधाची बरणी टेबलावर आहे,
तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी, नावाची जागा कोरी.
सवडीने शोधा, म्हणाला तो जाता जाता,
मध काही खराब होत नाही.